नागपुरात घडणाऱ्या कल्पित सुपरहिरोपटातील 'काकाजी' कोणी साकारावेत?

गोकुळपेठकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

आम्ही काही नाट्यवेडे मित्र नागपुरात घडणाऱ्या एका सुपरहिरोपटाची संहिता लिहीत आहोत. तिला तूर्त 'नवतपा' (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) असे नाव दिले आहे. चित्रपट निघेल तेव्हा निघेल, परंतु पात्र लिहिताना नट डोळ्यांपुढे असला की संवादाची लय लवकर सापडते, म्हणून पात्रयोजनेचा विचार आत्ताच करावा असे ठरले. नायिकेबद्दल अडचण नाही. तिच्यासाठी नवा चेहराच हवा, यावर आमचे एकमत आहे. अडले आहे ते एका वृद्ध पात्रापाशी.

कथा अशी आहे. नायिका वीज कंपनीत तंत्रज्ञ आहे. मे महिन्याच्या अखेरीस, पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असताना, इतवारीच्या एका बोळात पेटलेल्या ट्रान्सफॉर्मरला तिचा हात लागतो आणि आग विझते, कारण ती सगळी उष्णता तिच्या अंगात शिरलेली असते. ही तिची शक्ती. मात्र घेतलेली उष्णता नाहीशी होत नाही; ती काही तासांच्या आत कुठेतरी सोडावी लागते, नाही तर शरीर आतून भाजू लागते, हा नियम आम्ही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कटाक्षाने पाळला आहे. नागपूरच्या महाल भागात कूलर दुरुस्तीचे दुकान चालवणारे पंचाहत्तरीचे एक गृहस्थ, ज्यांना सगळी वस्ती 'काकाजी' म्हणते, तिला पाहताक्षणी ओळखतात, कारण त्यांच्याकडेही तीच शक्ती आहे. ते पूर्वी एका औष्णिक वीज केंद्रात बॉयलर विभागात कामाला होते. चाळीस वर्षांपूर्वी वाफेची नळी फुटली तेव्हा ५४० अंशांच्या वाफेची धग त्यांनी स्वतःच्या अंगावर घेऊन अनेकांचे प्राण वाचवले. पण सुरक्षित जागा मिळेपर्यंत त्यांना ती आत धरून ठेवता आली नाही आणि शेजारी उभा असलेला त्यांचा मदतनीस त्यात दगावला. तेव्हापासून त्यांनी शक्ती वापरलेली नाही. तिसरे पात्र त्या वेळच्या मुख्य अभियंत्यांचे आहे, ज्यांनी चौकशी अहवालात सगळा दोष त्या मृत मदतनिसावर टाकला.

काकाजींसाठी दिलीप प्रभावळकर आणि मोहन आगाशे ही दोन नावे आमच्यात वारंवार निघतात. विदर्भातलाच एखादा ज्येष्ठ नट घ्यावा, असेही काही जण म्हणतात. मला काळजी वाटते ती या पात्राच्या वाट्याला येणाऱ्या कामाची. १९७८ च्या 'सुपरमॅन'मध्ये मार्लन ब्रँडो आणि जीन हॅकमन यांची नावे श्रेयनामावलीत प्रत्यक्ष सुपरमॅन झालेल्या ख्रिस्तोफर रीव्हच्या आधी झळकली होती. ज्येष्ठ नट घेतला की या प्रकारच्या चित्रपटाला वजन येते, ही समजूत तेव्हापासून पक्की झालेली दिसते. परंतु पुष्कळदा त्या नटाकडून उपदेशाची चार वाक्ये वदवून घेतली जातात आणि मध्यंतराच्या सुमारास त्याला मारले जाते. काकाजींचे असे होऊ नये. आपण कोणाला घ्याल, आणि का?

रंगपीठ

माझे मत निःसंशय दिलीप प्रभावळकर यांच्या बाजूने आहे, आणि ते केवळ आदरापोटी नाही. आपल्या कथेतील शक्ती बाहेरून दिसणारी नाही. काकाजी उडत नाहीत, भिंती फोडत नाहीत. ते काहीतरी आत धरून ठेवतात. म्हणजे प्रेक्षकाला जे पाहायचे आहे ते संगणकावर तयार होणारच नाही, ते नटाच्या चेहऱ्यावर, मानेच्या शिरांवर आणि बोटांवर घडले पाहिजे.

प्रभावळकरांच्या कामात हे सामर्थ्य पुनःपुन्हा दिसले आहे. 'हसवाफसवी' या स्वतः लिहिलेल्या नाटकात ते सहा भूमिका करत, तेव्हा वेशभूषा बदलण्याइतकेच महत्त्व ते शरीराचा तोल बदलण्याला देत. प्रत्येक माणसाचे वजन वेगळ्या ठिकाणी असे. 'चौकट राजा'मधला (१९९१) नंदू आणि 'झपाटलेला'मधला (१९९३) तात्या विंचू या दोन भूमिका अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने आलेल्या आहेत. पहिल्या भूमिकेत एका निरागस माणसाचे सगळे मन उघडे पडते आणि दुसऱ्या भूमिकेत बाहुल्याला दिलेल्या नुसत्या आवाजातून दुष्टपणा उभा राहतो. ज्या नटाला स्वतः पडद्यावर न दिसता धाक निर्माण करता येतो, त्याला अंगावर विशेष पोशाख नसताना शक्ती दाखवणे अवघड जाणार नाही.

तिसरे उदाहरण आपल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळचे आहे. राजकुमार हिरानी हे आपल्या नागपूरचेच. त्यांच्या 'लगे रहो मुन्नाभाई'मध्ये (२००६) प्रभावळकरांनी गांधीजी केले आणि त्यासाठी त्यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ती भूमिका बारकाईने पाहावी. हे गांधीजी जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर एकाच माणसाला दिसतात. आजूबाजूच्या कोणाचीही नजर त्यांच्याकडे वळत नाही, कोणी त्यांच्यासाठी वाट सोडत नाही. तरीही त्यांचे असणे प्रेक्षकाला क्षणभरही खोटे वाटत नाही. जे समोर नाही ते आहे असे मानून काम करण्याची सवय असल्यावाचून हे साधत नाही. सुपरहिरोपटाचे पुष्कळसे चित्रीकरण हिरव्या पडद्यापुढे होते आणि तिथे नटाला आग, पूर, राक्षस सगळे मनानेच उभे करावे लागते. चित्रपटात वाढलेले नट तिथे बावरतात. रंगभूमीवर वाढलेल्या नटाला त्यात नवे काहीच नसते, कारण नेपथ्यात नसलेली खिडकी उघडून तिच्यातून पाऊस पाहणे हे त्याचे रोजचे काम असते.

वयाचा मुद्दा कोणी काढील म्हणून आधीच लिहितो. प्रभावळकरांचा जन्म १९४४ चा. 'दशावतार' २०२५ च्या सप्टेंबरमध्ये प्रदर्शित झाला तेव्हा त्यांनी ८१ वर्षे पूर्ण केली होती, आणि त्या चित्रपटाचा भार त्यांच्याच खांद्यावर होता.

एक सूचना करतो. काकाजींच्या शक्तीचे पहिले दर्शन संवादातून देऊ नका. दुकानात चहावाला पोरगा उकळत्या चहाचा काचेचा पेला आणतो, काकाजी बोलता बोलता तो मुठीत धरतात आणि पहिला घोट घेतानाच चहा पार थंड झाल्याचे त्यांच्या लक्षात येते. त्यांनी आजूबाजूला पाहावे, कोणाच्या लक्षात आले का याचा अंदाज घ्यावा आणि पेला तसाच रिकामा करावा. प्रभावळकरांना एवढे पुरेसे आहे. पुढचे सगळे ते भरतील.

मेकअप_व्हॅन

मी चित्रीकरणस्थळी रंगभूषेच्या विभागात काम करतो, म्हणून फक्त व्यवहाराचे सांगतो.

कथा नवतप्यात सुरू होत असली तरी पंचाहत्तरी ओलांडलेल्या नटाला घेऊन नागपूरच्या मे महिन्यात चित्रीकरण करण्याचा विचारही मनात आणू नये. डिसेंबर-जानेवारीत चित्रीकरण करावे. घाम ग्लिसरीन आणि पाण्याच्या फवाऱ्याने दाखवता येतो, ऊन दिव्यांनी आणता येते आणि रस्त्यावर तरंगणारी झळ नंतर संगणकावर घालता येते. थंडीतल्या सकाळी तोंडातून वाफ मात्र दिसते, तेवढी काळजी घेऊन बाहेरची दृश्ये दुपारी लावावीत.

चाळीस वर्षांपूर्वीच्या प्रसंगासाठी ज्येष्ठ नटाला तरुण करण्याच्या फंदात पडू नका. कृत्रिम त्वचेचे तुकडे घामाने कडेने सुटू लागतात, दर तासाला डिंक लावावा लागतो आणि नटाची सगळी शक्ती खुर्चीत बसण्यात संपते. तरुण काकाजींसाठी वेगळा नट घ्यावा आणि दोघांनी एक लकब आधीच ठरवून घ्यावी. उडी, पडणे, दोरीवर टांगणे यांसाठी बॉडी डबल असतोच. ज्येष्ठ नटाचे दिवसाचे तास करारातच ठरवून घ्यावेत आणि त्याची जवळची दृश्ये सकाळच्या पहिल्या दोन-तीन तासांत संपवावीत. चेहरा त्या वेळी सर्वांत चांगले काम करतो.

वडसा_रात्रपाळी

रंगपीठ यांनी प्रभावळकरांबद्दल जे लिहिले आहे त्यातील एकाही वाक्याशी माझा मतभेद नाही. तरीही काकाजींची भूमिका त्यांना देऊ नये, असे मला मनापासून वाटते.

काकाजी महालात राहतात, बॉयलरवर कामाला होते आणि त्यांच्या दुकानात कूलरच्या ताट्या बदलायला, पंप बांधून घ्यायला सगळ्या थरांतले गिऱ्हाईक येते. या माणसाची भाषा कशी असेल? चौकशी समितीपुढे उभे राहून तो म्हणाला असेल, 'मले काही नाही झालं साहेब, त्याले पाहा.' आणि नायिका पहिल्यांदा दुकानात येते तेव्हा तो म्हणत असेल, 'हात कायले लपवून राहिली पोरी, दाखव.' हे संवाद पुण्या-मुंबईचा थोर नटसुद्धा शिकून म्हणेल आणि बरोबर म्हणेल. पण शिकलेल्या बोलीत नटाचे निम्मे लक्ष उच्चाराकडे राहते, आणि ज्या भूमिकेत सगळी शक्ती गप्प राहण्यात खर्च व्हायची आहे तिथे ते निम्मे लक्ष परवडणारे नाही. आणखी एक गोष्ट मला फार लागते. आपली बोली पडद्यावर येते ती बहुधा हशा मिळवण्यासाठी. वऱ्हाडी किंवा नागपुरी बोलणारे पात्र आले की प्रेक्षक आधीच हसण्याच्या तयारीत बसतो. या बोलीत एक माणूस चाळीस वर्षे अपराधाचे ओझे वाहतो आहे, हे मराठी प्रेक्षकाने एकदा तरी पाहावे.

आता नट कुठून आणायचा? पूर्व विदर्भात, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत झाडीपट्टी रंगभूमी आहे. धानाची कापणी झाली की दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो आणि तो होळीच्या सुमारास संपतो. मंडई (दिवाळीनंतरची गावजत्रा) असो, शंकरपट (बैलांच्या शर्यती) असो, गावात रात्री नाटक असतेच. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा हे तिचे मुख्य ठाणे. प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि उजाडेपर्यंत चालतो. हजारो माणसे घोंगड्या पांघरून बसलेली असतात. या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री देण्यात आली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्रातील अनेकांनी झाडीपट्टी हे नाव पहिल्यांदा ऐकले असेल. आमच्याकडे मात्र तीन-तीन पिढ्यांनी त्यांना पाहिलेले आहे. खुण्यांची ख्याती विनोदी भूमिकांची असली, तरी त्या मंचावर गंभीर भूमिका करणारे, साठी-सत्तरी ओलांडलेले नट आजही उभे आहेत. एका हंगामात वेगवेगळ्या नाटकांतून काम करायचे, आज बाप तर उद्या खलनायक, आणि पहाटेच्या थंडीत शेवटच्या रांगेतल्या माणसाला जागे ठेवायचे, ही तालीम कोणत्याही संस्थेत मिळत नाही.

'मिन्नल मुरली' (२०२१) हा मल्याळी सुपरहिरोपट मी अनेकांना याच कारणासाठी पाहायला सांगतो. नायक टोविनो थॉमस हा लोकप्रिय अभिनेता आहे. परंतु त्याच विजेच्या लोळातून शक्ती मिळालेला, गावाने वेडा ठरवलेला शिबू साकारला आहे गुरू सोमसुंदरम यांनी, जे चेन्नईच्या कूत्तु-प-पट्टरै या नाट्यसंस्थेत घडले. गावातल्या त्या उपेक्षित माणसाचे प्रेम आणि संताप त्यांनी असा उभा केला की चित्रपट संपल्यावर लोक नायकाइतकेच, किंबहुना त्याच्याहून अधिक, त्याच्याविषयी बोलत राहिले. त्या भूमिकेत एखादा सर्वपरिचित तारा असता, तर प्रेक्षकाने शिबूला पाहण्याआधी त्या ताऱ्याला पाहिले असते.

गोकुळपेठकर

वडसा_रात्रपाळी, आपले दोन्ही संवाद मी संहितेत जसेच्या तसे घेऊ इच्छितो. आपली हरकत नसावी.

एक शंका मात्र आहे, आणि ती मी पूर्ण आदराने विचारतो. झाडीपट्टीचा मंच मोठा, प्रेक्षक दूरवर बसलेला, त्यामुळे अभिनय आणि आवाज दोन्ही मोठे. कॅमेरा चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो. रंगपीठ यांनी सुचवलेला चहाच्या पेल्याचा प्रसंग (तो आम्ही घेतला आहे) झाडीपट्टीचा नट कसा करील? दुसरे असे की सगळेच चेहरे अनोळखी असले, तर निर्माता दारातच उभा करणार नाही.

लक्ष्मीनगर_सात

गोकुळपेठकर, आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर नागपूरनेच एकदा देऊन ठेवले आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) नारायण कांबळे या शाहिराची भूमिका वीरा साथीदार यांनी केली. ते नागपूरचे कार्यकर्ते, कवी आणि संपादक. व्यवसायाने चित्रपट अभिनेते नव्हते. त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पुरस्काराचे सुवर्णकमळ मिळाले आणि भारताने तो ऑस्करसाठीही पाठवला. मंचावर शाहिरी करताना त्यांचा आवाज जेवढा मोठा, तेवढेच न्यायालयात बसलेले त्यांचे शरीर शांत. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने त्यांना आपल्यातून नेले. ते असते तर या धाग्यात मी दुसरे नाव घेतलेच नसते. सांगायचे एवढेच की मोठ्या आवाजाच्या माणसाला लहान आवाजात आणणे हे दिग्दर्शकाचे काम आहे, आणि त्यासाठी वेळ दिला तर ते होते. ज्याच्याकडे मुळात आवाजच नाही, त्याला मोठे करता येत नाही.

दुसरी शंका, ओळखीच्या चेहऱ्याची. इथे मला वाटते की मोहन आगाशे यांचे नाव आपण चुकीच्या भूमिकेसमोर लिहिले आहे. त्यांना मुख्य अभियंता करा.

विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये (पहिला प्रयोग १९७२) आगाशे यांनी नाना फडणवीस केला. सत्ताधारी माणूस स्वतः हात न उचलता दुसऱ्याच्या हातून सगळे कसे करवून घेतो आणि शेवटी दोष कसा दुसऱ्याच्याच पदरात घालतो, हे त्या भूमिकेचे मर्म आहे. आपल्या अभियंत्याने नेमके हेच केले आहे. आगाशे मानसोपचारतज्ज्ञही आहेत. समोरच्याचे बोलणे ऐकून घेणारा माणूस त्यांच्यासारखा पडद्यावर क्वचित कोणी उभा करतो. आता असे पाहा की काकाजी चाळीस वर्षांनी त्यांच्या घरी जातात. अभियंते निवृत्त, सुसंस्कृत, प्रमाण मराठी बोलणारे. ते काकाजींना सोफ्यावर बसवतात, चहा विचारतात, अहवालातील प्रत्येक वाक्य त्यांना पाठ आहे आणि त्यातील एकही वाक्य खोटे होते असे ते कबूल करत नाहीत. त्या संवादात दोघांच्या भाषेतले अंतर हेच अधिकाराचे अंतर होते. 'मला तुमच्या भावना समजतात' असे आगाशे शांतपणे म्हणतील, आणि त्यासमोर झाडीपट्टीचा नट हातातला पेला घट्ट धरून बसेल. मारामारीची सगळी दृश्ये बाजूला ठेवली तरी या एका प्रसंगासाठी मी तिकीट काढीन.

शिवाय अभियंत्याला 'अस्तु'मधल्या त्यांच्या भूमिकेची एक छटा देता येईल. तिथे त्यांनी स्मृतिभ्रंश झालेला संस्कृतचा विद्वान केला आहे. आपल्या अभियंत्याची स्मृती जात चालली आहे, असे दाखवले तर काकाजींपुढे वेगळेच संकट उभे राहते: खरे काय घडले हे माहीत असलेला दुसरा एकमेव माणूस ते विसरत चालला आहे. 'लोगन'मध्ये (२०१७) पॅट्रिक स्ट्युअर्टचे म्हातारे प्राध्यापक मेंदूच्या आजाराने ग्रासलेले आहेत आणि त्यांचे झटके आसपासच्या सगळ्यांना जखडून टाकतात; म्हातारपण तिथे कथेला गती देते. आपल्या संहितेतही वार्धक्याने कथेत काहीतरी घडवले पाहिजे. ते केवळ पांढऱ्या केसांपुरते राहिले, तर ज्येष्ठ नट घेण्याचे कारणच उरत नाही.

अंबाझरी_काठ

वरील सगळी चर्चा मी दोनदा वाचली. सगळ्यांनी काकाजींच्या अपराधाबद्दल लिहिले, अभियंत्याच्या अहवालाबद्दल लिहिले. पण जो मदतनीस गेला त्याच्या घरी कोण होते, हे कोणीही विचारलेले नाही. त्याची पत्नी असेल. अपघाताच्या वेळी ती पंचवीस-तीस वर्षांची असेल, म्हणजे आज पासष्ट-सत्तरीची. नवऱ्याच्याच चुकीने अपघात झाला असे कागदावर लिहिले गेले, तेव्हा तिला भरपाई मिळाली का? नोकरी मिळाली का? वस्तीतल्या बायका तिच्याशी कशा बोलल्या असतील? आणि काकाजी तिला गेली चाळीस वर्षे ओळखत असतील, रस्त्यात भेटत असतील, कदाचित दर उन्हाळ्यात तिचा कूलर पैसे न घेता दुरुस्त करून देत असतील. ती त्यांना भला माणूस समजत असेल.

माझ्या मते ज्येष्ठ कलावंताची खरी भूमिका ही आहे, आणि ती आपल्या संहितेत अजून लिहिलेलीच नाही. तिच्यासाठी मी ज्योती सुभाष यांचे नाव सुचवीन. 'गाभ्रीचा पाऊस'मध्ये (२००९) विदर्भातल्या कर्जबाजारी शेतकऱ्याच्या घरातली म्हातारी त्यांनी केली आहे; मुलाच्या जिवाची धास्ती त्या घरभर कशी वावरते हे पाहिले की पुढे काही सांगावे लागत नाही. रोहिणी हट्टंगडी याही चालतील, आणि त्यांच्याकडे वयाचा प्रश्न कधीच नव्हता: 'गांधी'मध्ये (१९८२) त्यांनी कस्तुरबांचे तारुण्य ते वार्धक्य साकारले तेव्हा त्या स्वतः तिशीच्या आसपास होत्या, आणि त्या कामासाठी त्यांना ब्रिटिश अकादमीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला.

नायिकेला शक्ती कशी वापरायची हे काकाजी शिकवू शकतात. ती कोणासाठी वापरायची हे तिला या बाईच्या घरात कळेल.

गोकुळपेठकर

अंबाझरी_काठ, आपला प्रतिसाद आम्ही काल रात्री सगळ्यांनी एकत्र बसून वाचला. त्या बाईचे पात्र आजपासून संहितेत आहे.

तिच्यामुळे शेवटही बदलतो आहे. आमचा कळसाचा प्रसंग मारबतीच्या मिरवणुकीत घडतो. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात काळी आणि पिवळी मारबत हे दोन मोठे स्त्री-पुतळे वाजतगाजत निघतात, बडगे (पुरुष-पुतळे) निघतात, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' असा घोष होतो आणि शेवटी त्यांचे दहन होते. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली ही मिरवणूक या शहराची खास ओळख आहे. गर्दीत स्फोट होतो, नायिका आणि काकाजी मिळून ती उष्णता घेतात, आणि सोडायला जागा म्हणून दहनाची चिता समोर असते, एवढे आमच्याकडे होते. आता काकाजी त्या आधी, मिरवणुकीच्या सकाळी, तिच्या घरी जाऊन सगळे सांगतात. त्यामुळे संध्याकाळी ते शक्ती वापरतात ती पश्चात्तापाच्या भरात नव्हे, तर तिने सगळे ऐकून घेतल्यानंतर. ती त्यांना क्षमा करते की नाही, यावर आमच्यात अजून वाद चालू आहे. माझ्या मते तिने करू नये.

पात्रयोजना सध्या अशी ठरते आहे: अभियंत्यांसाठी मोहन आगाशे डोळ्यांपुढे ठेवून लिहायचे, त्या बाईसाठी ज्योती सुभाष, आणि काकाजींसाठी झाडीपट्टीचा नट शोधायचा. रंगपीठ, प्रभावळकरांना आम्ही सोडलेले नाही. पण अंगाला लावलेली बोली आणि अंगातली बोली यांतील फरकाचा मुद्दा मला खोडता येत नाही.

रंगपीठ

तो मुद्दा मलाही खोडता येत नाही, आणि तरी माझे मत बदललेले नाही. मोठा नट बोली आत्मसात करतो, नुसती पाठ करत नाही. 'दशावतार'मध्ये कोकणातला वृद्ध कलावंत त्याच्या मातीसकट उभा राहिला, हे आपण पाहिलेच आहे. माझी विनंती एवढीच आहे की झाडीपट्टीचा नट निवडाल तेव्हा तो स्थानिक आहे एवढ्यावर समाधान मानू नका. काकाजींची परीक्षा चहाच्या पेल्याच्या प्रसंगात घ्या, आणि त्यात एकही संवाद ठेवू नका. जो नट तिथे बोलीचा आधार न घेता उभा राहील, त्याला बोली हे वरचे देणे ठरेल.

वडसा_रात्रपाळी

रंगपीठ यांची परीक्षा मला मान्य आहे. गोकुळपेठकर, संवाद अवश्य घ्या, ते माझे नाहीतच. आमच्याकडची माणसे असेच बोलतात.

नट शोधायला याल तेव्हा नागपुरात बोलावून चाचणी घेऊ नका. बंद खोलीत, टेबलामागे बसलेल्या चौघांपुढे आमचे नट अवघडतात आणि आपल्याला वाटते तसाच मोठा अभिनय करून दाखवतात. भाऊबीज झाली की वडशाला या. नागपूरहून ब्रह्मपुरीमार्गे यावे लागते आणि रात्री परतण्याचा विचार सोडून द्यावा लागतो, म्हणून गरम कपडे घेऊन या. पहिल्या अंकावरून मत बनवू नका. त्या वेळी प्रेक्षक ताजा असतो आणि नट त्याला जिंकण्याच्या भरात असतो. पहाटे चारच्या पुढे, आवाज बसलेला असतो, अंग थकलेले असते, आणि बापाचे किंवा आजोबाचे काम करणारा नट फारशी हालचाल न करता वाक्ये म्हणू लागतो, तेव्हा पाहा. आणि प्रयोग संपल्यावर रंगपटात जा. तोंडाचा रंग पुसत बसलेल्या त्या माणसाशी अर्धा तास बोला, त्याला चहा द्या, आणि तो पेला कसा धरतो ते पाहा.